सुटला

आमच्या आक्काने पोटच्या पोरावर अर्धं आयुष्य राग धरला, आणि तो पोरगा मेलेला होता. हे मी आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत काहीतरी झाकून ठेवायचं आणि मग एकदम फडकं ओढायचं, हे धंदे मला जमत नाहीत. मेलेला होता. तिला ते माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याची समजूत अशी की आम्हाला माहीत आहे. सगळा घोळ एका शब्दाचा. पण तो शब्द असा फिरवून ठेवायला एक अख्खा तुरुंग लागला.

आक्का माझी थोरली बहीण. छापखान्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर आमची एक खोली होती. पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात संसार, मध्ये पडदा. पुढे ती इस्त्री करायची आणि तिच्या शेजारी स्टुलावर बसून मी रफू, बटणं, उसवलेल्या शिवणी. माझं लग्न झालं नाही. का नाही झालं ते माझं तोंड ऐकलंत की कळेलच. आक्काचं झालं होतं. तिचा नवरा एका सकाळी दाढी करून, तिच्याच हातचा इस्त्री केलेला शर्ट घालून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोरगा तेव्हा रांगत होता. वर्षभराने कळलं की महाराजांनी दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटलाय. आक्का रडली नाही. एवढंच म्हणाली, "शर्टाची पाठ राहिली होती करायची. तसाच गेला मेला."

हा तिचा शब्द, मेला. उठता-बसता तोंडात तोच. इस्त्री तापत नाही, मेली. दूध उतू गेलं, मेलं. गिऱ्हाइकांना तिने कपड्यांवरून नावं ठेवलेली, त्यांनाही तेच लावायची. 'कडक कॉलर मेला अजून आला नाही,' 'पिवळ्या काखेचा कोट मेला पुन्हा तसाच आणलाय.' पिवळी काख म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक होते बरं का! आणि पोराला जवळ घ्यायचं झालं तरी, "ये मेल्या." तोही हसत यायचा. त्याला आम्ही भोवरा म्हणायचो. एका जागी बसेल तर शपथ. जेवतानासुद्धा एक पाय हलत असायचा.

मोठा झाला तसा इस्त्रीचे कपडे सायकलवरून घरोघरी पोचवायला लागला. विशी गाठली होती, मिशी फुटली होती, तरी दारातून आत यायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवायचा, आईला कळावं म्हणून. मी म्हणायची, "राजाची स्वारी आली, तुतारी ऐका." आक्का म्हणायची, "मेल्याला भूक लागलीय, दुसरं काय." उकडलेली अंडी त्याला फार आवडायची. सोलायचा धीर नसायचा, कवचासकट चावायला निघायचा.

त्या वर्षी बाजारपेठेतल्या घड्याळजीचा आणि त्याच्या बायकोचा खून झाला. दुकानाच्या वरच राहायचे, दोघंही म्हातारी. भरदुपारी, खाली दुकान उघडं असताना, वरच्या खोलीत दोघांचे गळे चिरले. शहरात दुसरा विषय नाही. पेपरात रोज नवीन माहिती, नवीन नकाशा, कुठे उभा होता, कुठून पळाला. लिहिणाऱ्यांनी जणू जिन्याखाली बसून पाहिलं होतं. आणि त्या दुपारी ज्यांनी ज्यांनी तो जिना चढला होता त्या सगळ्यांना पोलिसांनी उचललं. दूधवाला, विजेचं मीटर बघणारा, समोरचा सुतार, एक गिऱ्हाईक, आणि घड्याळजीचा इस्त्री केलेला कोट पोचवायला गेलेला आमचा भोवरा. पाच जण. 'टोळी' म्हणून नाव छापून आलं. आयुष्यात एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या माणसांची टोळी! आणि ते छापलं कुठे, तर आमच्याच गल्लीतल्या छापखान्यात. त्या यंत्राची धडधड आमच्या भिंतीला कळायची. आक्का इस्त्री करत होती आणि पलीकडे तिच्या पोराचं नाव छापलं जात होतं.

आमच्या शहरातला तुरुंग तेव्हा शहराच्या मधोमध होता. उंच काळी भिंत आणि भिंतीलाच टेकून बसचा थांबा. लोक भिंतीला पाठ लावून बसची वाट बघायचे, शेंगा खायचे, पोरी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. आत काय चालतं ते कुणी विचारायचं नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मी त्या थांब्यावर कितीदा उभी राहिले असेन.

भेटीचा दिवस आठवड्यातून एक. भेट कसली, तो बाजार होता. मध्ये दोन जाळ्या, त्या दोन जाळ्यांमध्ये हातभर वाट, त्या वाटेने एक शिपाई येरझाऱ्या घालतोय. अलीकडे आम्ही सगळ्या आया, बायका, बहिणी. पलीकडे ते. सगळे एकाच वेळी ओरडणार. आक्का घसा फोडून विचारायची, "जेवतोस का?" आणि पलीकडून चार जण मान हलवायचे.

तिथे येऊन येऊन आम्हाला तिथली भाषा कळायला लागली. तुरुंगाची आपली एक बोली असते. तिथे जमिनीखाली एक कोठडी होती, जुन्या काळातली. गटाराचं पाणी झिरपायचं, घोट्याएवढं साचायचं. त्या कोठडीला आतले लोक 'आजोळ' म्हणायचे. एकदा भोवरा भेटीला आलाच नाही, तेव्हा दूधवाल्याने जाळीतून ओरडून सांगितलं, "तो आजोळी गेलाय!" आक्का माझ्याकडे बघत राहिली. त्याचं आजोळ म्हणजे मीच उरलेली की, आणि मी तर तिच्या शेजारी उभी! शेजारच्या बाईने कानात सांगितलं तेव्हा कुठे आम्हाला कळलं. हसावं असा शब्द आणि आत काय, तर कबुली दे म्हणून मार.

पुढच्या भेटीला तो आला तो भिंतीला धरून. पाय हलत नव्हता, हे मी बघितलं. आक्काने पण बघितलं असणार. तो ओरडून म्हणाला, "मी काही कबूल केलं नाही, आई!" आणि मग, "सुटलो की या शहरात राहायचं नाही!" त्याच्या पुढेही तो काहीतरी बोलला. तोंड हलताना मी पाहिलं. पण शेजारी एक म्हातारी नातवाच्या नावाने टाहो फोडत होती, त्यात ते विरून गेलं. ती आमची शेवटची भेट.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घड्याळजीचा पुतण्या सापडला. प्रेतयात्रेत सगळ्यात मोठ्याने गळा काढला होता ना, तोच. घड्याळं विकताना पकडला आणि पहिल्याच थपडेला सगळं ओकला. पेपरवाल्यांनी लगेच सूर बदलला, 'पाच निरपराधांची सुटका' म्हणून. आमचा जीव भांड्यात पडला. आक्काने सकाळीच अंडी उकडायला ठेवली, मला म्हणाली, "तू घरी थांब, अंडी बघ, मी मेल्याला घेऊन येते." म्हणून मी बरोबर गेले नाही.

तुरुंगाच्या दाराशी ही गर्दी. दूधवाला बाहेर आला, त्याची बायको त्याच्या गळ्यात पडली. सुतार आला. मीटरवाला आला, ते गिऱ्हाईक आलं. दार बंद झालं. आक्का तिथेच. शेवटी दारावरच्या शिपायाला तिने विचारलं, "दादा, आमचा भोवरा? इस्त्रीवाला?"

शिपाई आत जाऊन आला. खाली बघत म्हणाला, "तो सुटला, बाई."

"अगं बाई! कधी?"

"परवाच."

"परवा? काही त्रास नाही ना झाला?"

"शेवटी शांत होता," शिपाई म्हणाला.

आणि आक्का हसली. मोठ्याने, मोकळी हसली. शिपायाचे दोन्ही हात धरले, म्हणाली, "देव तुमचं भलं करो, दादा. छापखान्यामागे माझं दुकान आहे, कधीही कपडे घेऊन या." आणि पळत सुटली. एवढं झाल्यावर शिपाई तरी काय बोलणार! त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. नाहीतर पोराचे हाल संपले म्हणून हसली असेल. तो आपला दाराआड गेला.

आता शब्द बघा. आपण काय म्हणतो? माणूस खंगून खंगून गेला की म्हणतो, 'सुटला बिचारा.' घरोघरी म्हणतात, मीही म्हणते. तुरुंगातल्या शिपायांनी तर त्याचा कायदाच करून टाकलेला. आत 'मेला' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मेला म्हटलं की डॉक्टर आला, चौकशी आली, कुणाचीतरी नोकरी गेली. म्हणून कुणी मेला की 'सुटला.' आणि खरोखर सुटणाऱ्याला काय म्हणायचे, तर 'बाहेर पडला.' शिपायाने त्याच्या भाषेत आईला सांगितलं, पोरगा गेला. आईने तिच्या भाषेत ऐकलं, पोरगा आला. दोघंही मराठीच बोलत होती.

ती घरी आली ती धापा टाकत. "आला का?"

"कोण?"

"अगं तो परवाच सुटलाय! मेला दोन दिवस उंडारतोय, आईची आठवण नाही!" असं म्हणत होती आणि तोंडभर हसत होती. मी अंडी सोलून ठेवली होती. त्या दिवशी तिने दुकानाला हात लावला नाही. दारात बसली. गल्लीत सायकलची घंटी वाजली की उभी राहायची.

आठवडा गेला तशी ती तुरुंगाच्या कचेरीत गेली. तिथला कारकून वर न बघता म्हणाला, "पाचही जण सुटलेत. घरी आला नाही तर आम्ही काय हाताला धरून आणू?" महिन्याभराने पुन्हा गेली, पुन्हा तेच. त्याला खरं माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. सुटलेल्या चौघांना विचारावं, तर ते ज्याचं त्याने तोंड लपवून शहर सोडलेलं. 'टोळी' म्हणून छापलं गेल्यावर 'निरपराध' कोण वाचतो?

मग गल्लीने आपलं काम सुरू केलं. कुणी म्हणालं बंदरावर दिसला. कुणी म्हणालं दाढी वाढवलीय. एकीने तर त्याच्याबरोबर एक पोरगीही पाहिली, निळ्या झग्यातली. मी तिला म्हटलं, "एवढं रंगापर्यंत दिसलं तर हाक मारायला जीभ झडली होती काय?" पण आक्काच्या मनात ते जाऊन बसलं. तो स्वतःच ओरडला होता ना, या शहरात राहायचं नाही म्हणून. शिवाय एक माणूस या दारातून एकदा असाच गेलेला होता. एके दिवशी तिने इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाली, "बापाचंच रक्त. माझ्यासाठी मेला तो."

मेला म्हणाली खरं, पण मेलेल्यावर माणूस असा चिडत नाही. इस्त्री करताना ती त्याच्याशी भांडायची. पुटपुटायची, ऐकू यायचं मला. "आलास? का आलास? बायको हाकलून लावली वाटतं. बस तिथे. नको, उभाच राहा." कधी, "आई मेली की जिवंत बघायला आलास होय रे मेल्या?" अशी वर्षं गेली. कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली, तिचे केस पांढरे झाले, बोटं वाकडी झाली, आणि तोंडाचा पट्टा चालूच. मी त्याची बाजू घ्यायची. "पुढे काहीतरी बोलला होता गं तो, 'तुला घेऊन जाईन' म्हणाला असेल." की ती माझ्यावर तुटून पडायची. आमचा शब्दाने शब्द वाढायचा आणि दोन दिवस अबोला. त्याचे कपडे तिने बोहारणीला देऊन टाकले. सायकल विकली. त्याच्या वयाच्या गिऱ्हाइकांशी ती कारण नसताना फाडकन बोलायची. आमची आक्का पूर्वी गोड होती हो. तोंडाने फाटकी, पण गोड. ती सगळी आंबून गेली.

एवढ्यात तो तुरुंग शहराबाहेर हलवला. जुन्या जागेवर म्हणे संग्रहालय करायचं, बाग करायची. लोकांना तिकीट काढून कोठड्या दाखवायच्या. मागच्या भिंतीशी पाया खणायला घेतला आणि हाडं निघाली. एकाची नाही, बऱ्याच जणांची. मग आरडाओरडा, पेपर, निवृत्त न्यायाधीशांची चौकशी समिती. जुन्या शिपायांना जबान्या द्यायला बोलावणं गेलं. मी पेपर वाचून दाखवायला लागले तर आक्का म्हणाली, "कोण कुणाची बिचारी पोरं. आया वाट बघत बसल्या असतील." आणि पिवळ्या काखेची बाही उलटी केली.

त्यानंतर एका सकाळी दुकानात एक म्हातारा आला. हातात काठी, इस्त्रीला कपडे नाहीत. आक्का कपडे पोचवायला वरच्या मजल्यावर गेली होती. म्हातारा म्हणाला, "इथे एक बाई होत्या. इस्त्री करायच्या. त्यांचा मुलगा आमच्याकडे सुटला होता."

मी म्हटलं, "सुटला तर होता, पण इथे कुठे आला! काही ठावठिकाणा आहे का तुम्हाला?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझी सुई बोटात गेली. खाली बसला. मग एकेक सांगितलं. खालच्या कोठडीत तो गेला, पुतण्या सापडायच्या आदल्या दिवशी. मागच्या दाराने नेला. भिंतीशी पुरला. दारावर मीच होतो, त्यांना मीच सांगितलं. त्या हसल्या. इतकी वर्षं ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही. परवा जबानी आहे, त्याआधी एकदा त्यांच्या पाया पडावं म्हणून आलो.

"तिला कळलंच नाही," मी म्हटलं. "अरे देवा, तिला कळलंच नाही!"

म्हातारा उठला. जबानी कुठे, किती वाजता, ते सांगून काठी टेकत निघून गेला. आणि मी स्टुलावर तशीच. सांगू की नको? न सांगावं तर तिचा पोरगा जगाच्या पाठीवर कुठेतरी जिवंत आहे. नालायक आहे, आईला विसरलेला आहे, पण जेवतोय, झोपतोय, पाय हलवतोय. सांगावं तर पोरगा गुणाचा निघतो आणि मरतो. कुठल्या आईला यातलं काय द्यायचं? मी बडबडी बाई, पण त्या दिवशी नुसती सुईत दोरा ओवत बसले. आक्का आली, कामाला लागली आणि पुटपुटणं सुरू झालं, "निर्लज्जा, एक निरोप नाही तुझा." ते ऐकून माझा बांध फुटला. जो पोरगा मार खाऊन मेला त्याने आणखी शिव्या का म्हणून खायच्या? मी सांगून टाकलं. सगळं, सरळ, एका दमात.

तुम्हाला वाटेल तिच्या हातून शर्ट जळला. छे! तिने कॉलर पुरी केली, इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं. म्हणाली, "सुटला म्हणाले होते गं ते."

"तेच म्हणाले होते, आक्का. तसंच म्हणतात तिथे."

"आणि मी हसले." तिने शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, "खोटं असेल. म्हातारा भ्रमिष्ट असेल. तो कशाला मरतोय? बापासारखा आहे तो." मला कळेना, ही पोराला वाचवतेय की स्वतःला. दिवसभर ती हेच म्हणत राहिली. रात्री जेवली नाही. सकाळी उठून म्हणाली, "जबानीला जायचं. त्याने सगळ्यांसमोर सांगू दे, मग खरं मानीन."

चौकशी एका शाळेच्या सभागृहात होती, सुट्टी होती म्हणून. मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही म्हाताऱ्या गुडघे पोटाशी घेऊन बसलो. किती होत्या तशा! समोर टेबलामागे न्यायाधीश, बाजूला टंकलेखक. म्हातारा शिपाई उभा राहिला. त्याने आम्हाला पाहिलं आणि नजर वळवली.

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "घड्याळजी खून प्रकरणातला पाचवा आरोपी, इस्त्रीवालीचा मुलगा. त्याचं काय झालं?"

म्हातारा म्हणाला, "तो सुटला, साहेब."

टंकलेखकाची बोटं चालली. टक टक टक. न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे सुटका झाली? कोणत्या तारखेला?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, ओठांवर पुन्हा तोच 'सुटला' आला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. जिभेला वळणच तसं पडलेलं. सगळी नोकरी तो एकच शब्द वापरून काढलेली, आता दुसरा येईना. आणि तिकडे कागदावर आमचा पोरगा दुसऱ्यांदा सुटत होता.

आक्का उभी राहिली. "साहेब, ते छापू नका."

सभागृहातला एक शिपाई तिला बसवायला आला. न्यायाधीशांनी हाताने थांबवलं. "आपण कोण?"

"आई." एवढंच बोलून ती म्हाताऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "दादा, मागच्या वेळी मला तुमचं बोलणं कळलं नाही. मी अडाणी बाई. त्या एका शब्दापायी मी माझ्या पोराला इतकी वर्षं शिव्याशाप दिले. आज मला कळेल असं सांगा. मेला का?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "मेला," तो म्हणाला. ऐकू येईना इतकं हळू.

"मोठ्याने सांगा. त्या टाईप करणाऱ्या दादांना ऐकू जायला हवं."

"मेला."

"आपोआप?"

काठी त्याच्या हातातून गळून पडली, कुणी उचलली नाही. "नाही. मारला. आम्ही मारला, आई. कबुली देईना म्हणून पाण्यात तोंड दाबलं." आणि मग जे त्याने मलाही सांगितलं नव्हतं ते म्हणाला. "पाय फार झाडत होता. पाय मी धरले होते."

बाकांवरच्या बाया एकदम हुंदके द्यायला लागल्या. मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला, आजही वाटतं. क्षमाबिमा माझ्याकडे नाही. आक्का मात्र उभीच. टंकलेखकाकडे बघत होती. त्याने आधीचं वाक्य खोडलं, नवं टाईप केलं, ते यंत्र थांबेपर्यंत ती हलली नाही. मग मला म्हणाली, "चल."

बाहेर आल्यावर तिने शाळेच्या पायरीला हात टेकला. खाली बसली. मी पाणी आणायला निघाले तर माझा हात धरून ठेवला. रस्त्यावर माणसं जात होती. तेव्हा कुठे ती रडायला लागली. अशी रडली की जाणारे-येणारे थांबले, आणि मी त्यांना पुढे व्हा म्हणून हाकललं. रडता रडता माझं मनगट दाबत ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती.

"आला असता गं तो, धाकटे. जिवंत असता तर घरी आला असता."